मागणं आणि बसणं

हार्बर लाइनच्या सकाळच्या गाडीत डोळे मिटून बसलेल्या माणसाबद्दल तीन शक्यता असतात. तो झोपलेला असतो, जप करत असतो किंवा ध्यान करत असतो. बाहेरून काही कळत नाही. मान जराशी झुकलेली, पिशवी मांडीवर, ओठ हलतात न हलतात. चौथ्या सीटवर अर्धवट टेकून ज्याला डोळे मिटता येतात, त्याला आसनसिद्धी झालेलीच आहे असं मी धरून चालतो. नेरूळ जातं, जुईनगर जातं, सानपाड्याला दाराशी तंटा होतो, हा गृहस्थ ढिम्म. वाशी सुटलं आणि गाडी खाडीपुलावर चढली की चाकांचा आवाज बदलतो. त्या आवाजासरशी हा डोळे न उघडता हात जोडतो, कपाळाला लावतो आणि पुन्हा मांडीवर ठेवतो. झोपलेल्या माणसाला हे जमणार नाही. तेव्हा एक शक्यता बाद झाली. उरलेल्या दोघींपैकी कोणती, हा प्रश्न मात्र कुर्ला आलं तरी सुटत नाही.

खरं तर प्रश्न सोडवायला आमचं नवी मुंबई शहर सोयीचं असायला हवं होतं. सगळं आखून केलेलं. १९७० साली सिडको स्थापन झाली, कागदावर आधी रेघा पडल्या आणि माणसं नंतर आली. शाळेला भूखंड, बाजाराला भूखंड, देवळाला भूखंड. सेक्टरचा आकडा सांगितला की रिक्षावाला बिनचूक त्याच सेक्टरात आणून सोडतो. बिल्डिंग शोधणं हे आपलं प्रारब्ध. पण माणसाने नुसतं बसायचं कुठे, याची तरतूद आराखड्यात नाही. जुन्या मुंबईत गिरगावात निदान ‘प्रार्थना समाज’ नावाचा बसस्टॉप आहे. आत्माराम पांडुरंगांनी १८६७ साली स्थापन केलेल्या आणि पुढे रानडे-भांडारकरांनी वाढवलेल्या संस्थेच्या नावाने माणसं बसमधून धक्के खात उतरतात. ध्यानाच्या बाजूने आमच्याकडे सांगण्यासारखं एकच आहे, ते म्हणजे मानसरोवर. त्यासाठी हिमालय चढावा लागत नाही. खारघरच्या पुढचं स्टेशन, मासिक पासात बसतं.

आमच्या सोसायटीत या विषयावर सरळ दोन तट आहेत. ए विंग प्रार्थनावाल्यांची आणि बी विंग ध्यानवाल्यांची. ही वाटणी कोणी केली नाही, आपोआप झाली. ए विंगमध्ये संकष्टीला चंद्रोदयाची वेळ लिफ्टमध्ये चिकटवलेली असते. बी विंगच्या लिफ्टमध्ये योगवर्गाचं वेळापत्रक. ए विंगचं म्हणणं असं, की नुसतं बसून काय होतं? देवाला दोन शब्द बोलावेत, दिवा लावावा, घर प्रसन्न होतं. बी विंगचं म्हणणं, देवाला रोज उठून याद्या कसल्या देता? त्याला ठाऊक नाही का? दोन्ही बाजू एकमेकांकडे दयाबुद्धीने पाहतात आणि पार्किंगवरून मात्र एकाच भाषेत भांडतात.

यादीचा मुद्दा अगदीच खोटा नाही. नवी मुंबईच्या माणसाचं निम्मं आयुष्य अर्ज करण्यात गेलेलं असतं. घराच्या सोडतीचा अर्ज, हस्तांतराचा अर्ज, पाण्याच्या जोडणीचा अर्ज. त्यामुळे देवासमोर उभं राहिल्यावरही त्याच्या तोंडी तोच मसुदा येतो. विषय : मुलाच्या प्रवेशाबाबत. संदर्भ : गेल्या मंगळवारी कबूल केलेले एकवीस मोदक. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की. खाली सोबत जोडलेल्या कागदपत्रांसारखा नारळ. आणि मनात धाकधूक अशी, की आपला कागद नेमका कोणत्या टेबलावर अडकला असेल? सार्वजनिक अर्जही असतात. जुलै उलटला आणि मोरबे धरण भरलं नाही की सगळ्या शहराचा अर्ज एकदमच जातो. नवी मुंबईला पाणी त्याच धरणाचं, महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं. ते भरलं की जलपूजन होतं, म्हणजे अर्ज मंजूर झाल्याची पोच.

पण बी विंगच्या ध्यानात याद्या नसतात, हेही मला कोणी सांगू नये. गच्चीवरच्या त्या वर्गाला मी जाऊन बसलेलो आहे. पहाटे सहाला चटया अंथरतात. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर एकाचा मोबाइल उभा केलेला असतो आणि त्यातून एक बाई जगात कसलीही घाई नाही अशा आवाजात सांगते, श्वास आत येतोय, त्याच्याकडे नुसतं पाहा. आपण पाहायला लागतो. तोवर वॉचमन खाली पंप चालू करतो. बाई म्हणतात, विचार आला तर येऊ द्या. विचार वाटच बघत असतात. दुधाची पिशवी दाराबाहेर राहिली का? गॅस खालून बंद केला होता की नुसता वरून? मेन्टेनन्सचा चेक या महिन्यात कोणी भरायचा? मोबाइलवर मध्येच गृहकर्जाची जाहिरात लागते, कारण ॲप फुकटचं आहे. ती संपली की बाई पुन्हा म्हणतात, आता मन शांत झालेलं आहे. आजूबाजूला एक डोळा किलकिला करून पाहावं, तर पुढच्या चटईवरचे निवृत्त इंजिनिअर ओठातल्या ओठात पुटपुटत असतात, ‘देवा, आज तरी जरा लागू दे रे.’

हा माणूस ध्यान करत होता की प्रार्थना, ते सांगा! ध्यान लागावं म्हणून देवाला साकडं घालणारा हा बी विंगचा कट्टर सभासद. मला वाटतं, गोष्टीची गंमत इथे सुरू होते. दोन तटांच्या मधली भिंत कुठे आहे ते शोधायला जावं, तर ती हाताला लागतच नाही.

भिंत पक्की बांधायचा सगळ्यात सचोटीचा प्रयत्न आमच्या जवळच, बेलापूरच्या पारसिक टेकडीवर चालतो. तिथे धम्म विपुल हे विपश्यना केंद्र आहे. दहा दिवसांचं शिबिर, फी नाही. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, मौन, फोन जमा. आणि नियमांत स्पष्ट लिहिलेलं, की शिबिराच्या काळात पूजा, प्रार्थना, जप, माळ, उदबत्ती, उपास हे सगळं बंद ठेवायचं. त्या गोष्टींना नावं ठेवायची म्हणून हा नियम केलेला नाही. एका पद्धतीची दहा दिवस निर्भेळ परीक्षा व्हावी, हा हेतू. ए विंग आणि बी विंग एका पातेल्यात घालू नका, एवढंच सांगणं.

आमचे एक स्नेही बँकेतून निवृत्त झाल्यावर तिथे जाऊन आले. गृहस्थ पक्के गणेशभक्त, अंघोळीनंतर अथर्वशीर्ष म्हटल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत. नियमपत्रक वाचून ते दोन दिवस अस्वस्थ होते. पत्नी म्हणाली, ‘गणपतीला सांगून जा, दहा दिवस रजेवर आहे म्हणून.’ ते खरोखरच देव्हाऱ्यासमोर उभे राहून तसं सांगून गेले. म्हणजे प्रार्थना न करण्याची परवानगी प्रार्थना करून घेतली.

परत आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते फार सुरेख होतं. पहिले दिवस नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवायचं, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की आत अथर्वशीर्ष चालू आहे. यांनी सुरू केलं नव्हतं, ते आपलं आपण चाललं होतं, शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू यावा तसं. बंद करायला जावं तर मोठ्याने. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि ते चालू असतानाच श्वास बघत बसले. कधीतरी ते थांबलं. कधी थांबलं ते कळलं नाही. ‘आणि थांबल्यावर वाईट वाटलं का?’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘नाही हो. म्हणून संपल्यावर घरीही मी दोन मिनिटं गप्प बसतोच की. तसंच वाटलं. फक्त ती दोन मिनिटं संपेनात.’

शिबिराचा शेवट त्यांनी सांगितला तेव्हा मात्र ए विंगने कान टवकारले. दहाव्या दिवशी मौन सुटायच्या आधी मैत्रीची साधना शिकवतात. इतक्या दिवसांत जे काही पदरात पडलं असेल त्यात सगळ्या जिवांचा वाटा असो, सगळ्यांचं भलं होवो, अशी भावना करायची. ‘मग ही प्रार्थनाच झाली!’ ए विंगच्या काकूंनी निकाल दिला. स्नेह्यांनी केंद्राची बाजू लावून धरली. इथे कोणाकडे मागायचं नसतं, आपण आपल्याकडचं द्यायचं असतं. काकू म्हणाल्या, ‘देवाकडे मागून दिलं काय, आपल्यातलं दिलं काय, घेणाऱ्याला काय फरक पडतो?’ यावर स्नेह्यांना पटकन उत्तर सुचलं नाही. मलाही अजून सुचलेलं नाही.

या परंपरेच्या मुळाशीही एक मागणंच आहे, हे मला तिच्याबद्दल वाचताना कळलं तेव्हा फार बरं वाटलं. सत्यनारायण गोयंका मंडालेत वाढलेले व्यापारी. अर्धशिशीने हैराण झालेले, देशोदेशीचे डॉक्टर करून झालेले. १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते डोकेदुखी जावी म्हणून. ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल, म्हणजे हिशोबाच्या बाबतीत कोणाला ऐकणारे नव्हेत. त्यांनी आधी नकारच दिला. केवळ डोकेदुखीसाठी येणार असाल तर हे ठिकाण नाही, ते इस्पितळाचं काम. मन निर्मळ करायचं असेल तर या, डोकं दुखायचं थांबलं तर ती वरकड प्राप्ती. गोयंका गेले, बसले, आणि १९६९ साली भारतात येऊन आयुष्यभर दुसऱ्यांना बसवत राहिले. एका साध्या मागणीने सुरू झालेली गोष्ट केवढी दूर गेली. माणूस दाराशी मागायलाच येतो, त्याचं कोणाला वावडं नसावं. दार उघडणाऱ्याने तेवढं, आत येताना यादी चपलांपाशी ठेवा, असं सांगावं.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा दाखला तर घरोघरी आहे. शके १२१२ म्हणजे १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली. तिचा सहावा अध्याय हा ध्यानाचा. ज्ञानेश्वर नाथपंथातले, थोरले बंधू निवृत्तिनाथ हेच गुरू, तेव्हा हा विषय त्यांच्या घरातला. बसायची जागा कशी असावी हे सांगताना त्यांना इतका उल्हास येतो, की वाचणाऱ्याने ध्यान राहू द्यावं आणि आधी तिथे राहायलाच जावं. स्वच्छ पाणी हवं, ऊन कोवळं हवं, वारा मंद हवा, गर्दी नको. पाखरं फार नकोत. पण मोर अधूनमधून आले-गेले तर आमची ना नाही, असंही ते मोठ्या मनाने सांगून टाकतात. नेरूळच्या पाणथळीत हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि पाम बीच रोडच्या बाजूने चालणारी माणसं जागच्या जागी उभी राहतात, तेव्हा मला ती सवलत आठवते. फ्लेमिंगोंनाही ती लागू असावी. त्या अध्यायात पुढे आसन येतं, बंध येतात, कुंडलिनी जागी होते, एकेक पायरी अशी बारकाईने सांगितलेली, की वाचताना आपला पाठीचा कणा आपोआप ताठ होतो.

आता या माणसाने, ज्याला हे सगळं ठाऊक आहे, शेवटी काय करावं? अठरावा अध्याय संपला, नऊ हजार ओव्या झाल्या. गप्प बसायला याहून चांगली वेळ कुठली! तर त्यांनी हात पसरले. पसायदान मागितलं. नऊ ओव्यांचं मागणं, ज्यात स्वतःसाठी काही नाही आणि भक्तांपुरतंही नाही. दुष्टांचं निर्दाळण व्हावं असंही नाही, त्यांचा वाकडेपणा तेवढा जावा. ज्याला जे हवं असेल ते त्याला मिळावं, असा कोरा चेक. आपल्या शाळांमधून पोरं ते सुरात म्हणतात, लग्नात म्हणतात, शोकसभेत म्हणतात. ते योग्याचं मागणं आहे, हे आपल्या लक्षात राहत नाही. सहाव्या अध्यायातून गेल्याशिवाय अठराव्याच्या शेवटी असं मागता येईल, असं मला वाटत नाही. आपण मागतो ते सेक्टर आणि बिल्डिंग सांगून. एवढी मोकळी यादी हातात यायची तर आधी फार वेळ बसावं लागत असणार.

तुकोबांचा मार्ग उलटा दिसतो. ते भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात जाऊन बसायचे आणि खाली आले की विठ्ठलाशी कडाकडा भांडायचे. बसण्याने मनुष्य गुळमुळीत होतो अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी गाथा उघडावी. रामदासांनी तिसरीच तऱ्हा काढली. मनाच्या दोनशे पाच श्लोकांत ते देवापुढे हात जोडून बसत नाहीत आणि श्वासही मोजत नाहीत. सरळ स्वतःच्या मनाला समोर बसवून समजावतात, चुचकारतात, कान उपटतात. याला प्रार्थना म्हणावं तर अर्ज कोणाच्या नावे? ध्यान म्हणावं तर एवढी बडबड कशी? आमच्या आजोबांना हा प्रश्न पडला नव्हता. ते अंघोळ करताना श्लोक म्हणत, आणि पाणी फार गार असेल तर जास्त मोठ्याने.

पलीकडे पेण तालुक्यात गागोदे आहे, विनोबांचं जन्मगाव. गांधींच्या आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेत गीतेतले स्थितप्रज्ञाचे श्लोक म्हणत. त्या श्लोकांत मागणं असं नाहीच. ज्याचं मन स्थिर झालं तो बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, त्याचं वर्णन आहे. म्हणजे प्रार्थना म्हणून रोज जे म्हणायचं तो ध्यानाचा आराखडा. विनोबा त्याच वळणात तयार झाले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. सहाव्या अध्यायाच्या वेळी विनोबा सांगतात, की चित्त एकाग्र व्हायला हवं असेल तर आधी जगण्याला माप हवं, आणि नजर सगळ्यांकडे सारखी हवी. दिवसभर अस्ताव्यस्त वागून संध्याकाळी पंधरा मिनिटं मन जागेवर येत नाही. हे वाचून मला गच्चीवरच्या मोबाइलमधल्या बाईंबद्दल सहानुभूती वाटायला लागली. बिचारीने श्वासाला सांगून काय होणार? आदल्या रात्री साडेबारापर्यंत आम्ही काय बघत होतो ते तिला कुठे ठाऊक असतं!

ज्यांना मागणं मान्यच नाही अशी मंडळीही आमच्यातच आहेत. ऐरोलीला बाबासाहेबांचं भव्य स्मारक आहे, आणि नोडा-नोडातून बुद्धविहार आहेत. आमच्या मजल्यावरचे एक शिक्षक पौर्णिमेला सहकुटुंब विहारात जातात. त्रिशरण, पंचशील, वंदना. मी त्यांना एकदा विचारलं, तुम्ही काय मागता? ते म्हणाले, ‘मागत काहीच नाही. मी अमुक करणार नाही, असं आम्ही स्वतःच कबूल करून येतो.’ देवाला कबूल केलेल्या एकवीस मोदकांपेक्षा हे प्रकरण महागात पडणारं आहे. मोदक विकत मिळतात.

विज्ञानाने या भांडणात पडू नये, पण ते पडलेलं आहे. हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ सालच्या आपल्या पुस्तकात सांगितलं, की एखादा शब्द किंवा प्रार्थना शांतपणे घोळत राहिली आणि आलेले विचार सोडून देत राहिलं, की शरीर विसावतं. शब्द कुठला, याला महत्त्व नाही. २००१ साली इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी तेवीस धडधाकट माणसांना एकदा लॅटिनमधली मेरीमातेची जपमाळ म्हणायला लावली आणि एकदा तिबेटी बौद्धांचा मणिपद्म मंत्र. दोन्हींच्या वेळी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, एरवी तो बारा ते अठरा असतो. हृदयाच्या लयीलाही ते मानवलं. एक प्रार्थना, एक मंत्र, एक रोमची, एक ल्हासाची. यंत्राला फरक कळला नाही. आमच्या गणेशोत्सवातल्या शेवटच्या आरतीला हे यंत्र लावू नये, एवढीच माझी सूचना आहे. तिथे टाळ्यांचा वेग शेवटी असा वाढतो, की आकडा उलट्या दिशेला जाईल.

यंत्राला फरक कळला नाही तरी मठाधिपतींना कळतो. द्रुतगती मार्गाने घाट चढलं की लोणावळा. तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि योगाला प्रयोगशाळेत नेऊन बसवलं. त्याच लोणावळ्यात मुंबईत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी ख्रिस्ती प्रार्थनेला आपल्याकडच्या पद्धतीचं आसन दिलं. श्वास पाहा, अंगावरच्या संवेदना पाहा, मग प्रभूशी बोला. १९७८ साली आलेलं त्यांचं पुस्तक जगभर गेलं आणि त्याचं नावच ‘साधना’. १९८७ साली ते वारले. व्हॅटिकनने १९८९ साली पूर्वेकडच्या ध्यानपद्धती आणि ख्रिस्ती प्रार्थना यांची गल्लत होऊ देऊ नका, असं पत्र काढलं. १९९८ साली डिमेलोंच्या काही मतांबद्दल वेगळा इशारा दिला. तोवर खुलासा करायला लेखक राहिला नव्हता. मला यात व्हॅटिकनचं म्हणणं अगदीच अनाकलनीय वाटत नाही. पारसिक टेकडीवरही तोच नियम आहे, फक्त पलीकडच्या बाजूने. दोन्हीकडच्या जाणत्यांना ठाऊक असतं, की ध्यान आणि प्रार्थना ही मंडळी एकमेकांच्या घरात न विचारता शिरतात.

न विचारता शिरलेली ती दोघं मी एकदा गावदेवीच्या देवळात पाहिली. आमच्या सेक्टरांच्या मधूनमधून जुनी गावं आहेत, आगरी-कोळ्यांची, शहराच्या आधीची. त्यांच्याच जमिनींवर आमचे टॉवर उभे आहेत. दुपारी दीडची वेळ. बाजार आटोपून एक कोळीण मावशी आली, रिकामी पाटी पायरीशी उपडी ठेवली. नळावर हात धुतले, वासासाठी हुंगून पाहिले, पुन्हा धुतले. आत गेली, देवीसमोर वाकली आणि चार शब्द बोलली, ‘तुला सगला ठावं हाय गो माय.’ अर्ज संपला. विषय नाही, संदर्भ नाही, सोबत जोडलेलं काही नाही. मग ती खांबाला टेकून बसली. डोळे उघडेच होते, पण ती काही पाहत नव्हती. हात मांडीवर सैल पडलेले. पुजाऱ्याचा मुलगा मधूनच मोबाइलवर खिदळत होता, तिच्या गावी नव्हतं. बराच वेळ गेला. मग उठली, पाटी उचलली आणि बाहेरच्या रिक्षावाल्याशी भाड्यावरून असं कडाक्याचं भांडली, की मला भंडाऱ्याच्या डोंगरावरून उतरलेले तुकोबा आठवले.

पुढे आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत क्लबहाउसमधल्या रिकाम्या खोलीचा विषय निघाला. ए विंगला तिथे देवघर हवं होतं, बी विंगला ध्यानकक्ष. दोन तास चर्चा झाली, त्यात शांतीचा उल्लेख फार वेळा आला आणि एक खुर्ची मोडली. शेवटी ठराव झाला, की सकाळी सहा ते सात प्रार्थना, सात ते आठ ध्यान. ठराव उत्तम चालला आहे, सेक्रेटरींची तक्रार एवढीच, की मंडळी वेळ पाळत नाहीत. प्रार्थनावाल्यांची आरती पावणेसातला संपते, मग ते गप्प बसून राहतात आणि सात वाजले तरी उठत नाहीत. ध्यानवाले साडेसहालाच येऊन दाराशी उभे राहतात, कारण आत प्रसाद असतो. मधल्या अर्ध्या तासात कोण कोणत्या विंगचं ते सांगता येत नाही. विजेच्या बिलाची वाटणी कशी करावी, यावर आता उपसमिती नेमली आहे.

माझ्यापुरता मी एक क्रम ठरवला आहे. आधी मागून घेतो. सगळं, निलाजरेपणाने. गुडघा, मुलीची नोकरी, वरच्या मजल्यावरची गळती, काही राखून ठेवत नाही. कारण न मागितलेली गोष्ट ध्यानात येऊन बसते आणि उठत नाही. मागून टाकली की निदान दुसऱ्याच्या टेबलावर जाते. मग बसतो. जमेल तेवढं, पंप चालू झाला तर पंपासकट. आणि उठायच्या आधी पुन्हा एकदा मागतो. ही दुसरी यादी पहिलीसारखी नसते, हे मला अलीकडे जाणवायला लागलं आहे. तिच्यात वॉचमनची बायको येते, जी आजारी आहे. वरच्या मजल्यावरचे ते गृहस्थ येतात, ज्यांच्या गळतीबद्दल मी मघाशी तक्रार केली होती. त्यांच्याकडेही प्लंबर येत नाहीये. कधीतरी हार्बर लाइनचे सगळेच प्रवासी येतात. मधल्या बसण्याने माझ्यात फार काही सुधारणा झाली आहे असा दावा मी करणार नाही. दुसऱ्या यादीतही माझं नाव असतंच. फक्त ते आता पहिल्या क्रमांकावर नसतं.